ठाणे-नवी मुंबईतल्या खोलीसाठी एसी किती टनाचा घ्यावा

एसी घेताना बहुतेक घरांत कंपनी, किंमत आणि स्टार यांवर बराच खल होतो; क्षमता (एसी ताशी किती उष्णता बाहेर काढतो ते; ती टनांत मोजतात) मात्र दुकानदाराच्या ‘दीड टन घेऊन टाका’ या एका वाक्यावर ठरते. वास्तविक आधी क्षमता ठरवावी आणि मगच बाकीच्या गोष्टींकडे वळावे, कारण खोलीला न साजणारा एसी पाच स्टारचा असला तरी त्या स्टारांचा पुरता लाभ मिळत नाही.

सुरुवात खोली मोजण्यापासून करावी. करारनाम्यातला कार्पेट एरिया संपूर्ण घराचा असतो. इथे आपल्याला फक्त त्या एका खोलीची आतल्या बाजूने मोजलेली लांबी आणि रुंदी हवी आहे. सर्वसाधारण उंचीच्या खोलीसाठी बाजारात रूढ असलेला आडाखा असा: सुमारे १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १२० ते १८० चौरस फुटांना दीड टन आणि त्यापुढे दोन टन. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नसेल, किंवा बाल्कनी आत घेतलेली असेल, तर ती जागाही मोजमापात धरावी लागते, कारण हवा नकाशावरच्या रेषा पाळत नाही.

हा आडाखा केवळ पहिला अंदाज आहे. खरा निर्णय ऊन कुठून येते यावर होतो. १० बाय १२ फुटांची, मधल्या मजल्यावरची, पूर्वेकडे खिडकी असलेली झोपायची खोली एक टनात व्यवस्थित गार होते. तीच खोली वरच्या मजल्यावर गच्चीखाली असेल, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो आणि नेमक्या झोपेच्या वेळी एक टन अपुरा पडू लागतो. पश्चिमेच्या भिंतीचेही तसेच आहे. नवी मुंबईत पाम बीच रस्त्यालगतच्या ज्या घरांतून खाडी दिसते, त्या घरांची खाडीकडची बाजू पश्चिमेची असल्याने समोर आडोसा नसलेले दुपारचे ऊन थेट काचेवर येते. खाडीच्या दर्शनासाठी जादा पैसे मोजणाऱ्यांनी हाही खर्च हिशेबात धरलेला बरा. अशा खोलीला वरची क्षमता घ्यावी, मात्र त्याआधी खिडकीला बाहेरून छज्जा किंवा सावलीची जाळी बसवता येते का, हे जरूर पाहावे. काचेतून आत आलेले ऊन पडद्याने थोडेच अडते. ते बाहेरच अडवले तर कधीकधी अर्धा टन वाचतो.

मग सरसकट मोठाच एसी का घेऊ नये? याचे उत्तर आपल्या दमट हवेत आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा इथल्यापेक्षा कितीतरी वर जातो, पण तिथली उष्णता कोरडी असते. ठाण्यात तापमान त्यामानाने कमी असूनही घाम वाळत नाही, म्हणून इथे एसीला हवा गार करण्याबरोबर तिच्यातले पाणीही काढावे लागते. आतल्या गार कॉइलवर हे पाणी साचून नळीवाटे बाहेर जाते आणि त्यासाठी यंत्र बराच काळ सलग चालावे लागते. खोलीच्या मानाने मोठा, ठरावीक वेगाचा एसी काही मिनिटांतच तापमान गाठून कॉम्प्रेसर बंद करतो. पंखा सुरूच राहतो आणि कॉइलवरचा ओलावा पुन्हा हवेत मिसळतो. परिणामी खोली थंड होते, पण अंथरूण दमट लागते, आणि वारंवार सुरू-बंद होण्याने वीजही वाया जाते. उलट फार लहान एसीचा कॉम्प्रेसर दुपारभर अखंड चालूनही खोली हव्या त्या तापमानाला येत नाही.

इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करू शकत असल्यामुळे त्यात थोडी जास्त क्षमता खपून जाते, तरी वेग कमी होण्यालाही मर्यादा असते, हे लक्षात ठेवावे. आणखी एक बाब म्हणजे खोक्यावरच्या टनापेक्षा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलावरचे गार करण्याच्या क्षमतेचे (वीजवापराचे नव्हे) वॅटचे आकडे वाचावेत. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), अर्थात सुमारे ३,५१७ वॅट. त्या हिशेबाने दीड टन सुमारे ५,२७५ वॅट व्हायला हवा, परंतु दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांची लेबलावरची क्षमता ५,००० वॅटच्या आसपास असते. दोन क्षमतांच्या सीमेवरच्या खोलीसाठी हा फरक निर्णायक ठरतो.

खोलीत नेहमी दोन-तीनपेक्षा अधिक माणसे बसत असतील, किंवा दिवसभर संगणक चालत असेल, तर त्यांच्या उष्णतेसाठी थोडी सवड ठेवावी. बाहेरचे युनिट कुठे बसणार, हेही खरेदीपूर्वीच पाहावे. इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये एकावर एक युनिटे लावलेली असली, की प्रत्येकाला दुसऱ्याने सोडलेली गरम हवा मिळते आणि कागदावरची क्षमता प्रत्यक्षात मिळत नाही. अशा वेळी वरची क्षमता घेण्यापेक्षा युनिटला मोकळी जागा मिळवणे आणि तांब्याची नळी शक्य तितकी आखूड ठेवणे अधिक उपयोगाचे. जुन्या सिडको इमारतीत किंवा ठाण्यातल्या जुन्या सोसायटीत राहत असाल, तर दीड किंवा दोन टनांचा निर्णय पक्का करण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून एसीची स्वतंत्र लाइन, एमसीबी (जादा भार आल्यास आपोआप बंद होणारी कळ) आणि अर्थिंग तपासून घ्यावे आणि घराचा मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज वापरण्यास मंजुरी आहे तो आकडा) पुरेसा आहे का, हे महावितरणच्या बिलावर पाहावे.