लोकरीचे पदर फुटतात? या चुका टाळा

"ताई, ही लोकर फार फुटते, दुसरी आणू का?" माझ्याकडे विणकाम शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीत हा प्रश्न पहिल्या पंधरा दिवसांत कोणीतरी विचारतेच. काही वेळा दोष खरोखर लोकरीचा असतो. पण विणलेला तुकडा उजेडात धरून पाहिला की बहुधा हाताची सवय दिसते, आणि ती सवय दुसऱ्या लोकरीबरोबरही तशीच येते.

विणायची लोकर म्हणजे एक सलग दोरा नव्हे. सुताचे दोन, तीन, चार किंवा त्याहून अधिक पदर एकमेकांभोवती पिळून ती तयार होते. हा पीळ मुळात सैल असला किंवा विणताना सैल झाला, तर पदरांमध्ये फट पडते आणि सुईचे टोक टाक्याऐवजी त्या फटीतून जाते. मग काही पदर नव्या टाक्यात येतात आणि उरलेले मागे राहून त्यांची बारीकशी कडी तयार होते. आपल्याकडे लोकर म्हणून विकली जाते ती पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असते, हेही लक्षात ठेवावे. मेंढीच्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात आणि त्यामुळे तंतू एकमेकांना धरून राहतात. अ‍ॅक्रिलिकचा तंतू गुळगुळीत असल्याने पदर लवकर वेगळे होतात. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या खऱ्या लोकरीचे खवलेही काढलेले किंवा झाकलेले असतात, म्हणून तीही जपून विणावी लागते. आपली लोकर कोणती हे ओळखायचे असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची चुरडणारी राख होते, तर अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी बनते.

सुईच्या टोकावर विणणे

मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे. नवशिक्यांना टाका सुटण्याची इतकी धास्ती असते की त्या दोन्ही सुया अगदी टोकाशी धरतात, निमुळत्या भागावरच नवा टाका करतात आणि वर धागा ओढून घेतात. टाका सुईच्या पूर्ण जाडीचा व्हायला हवा, तो टोकाच्या जाडीचा होतो. पुढच्या ओळीत त्या आवळलेल्या टाक्यात सुई शिरत नाही, मग ती जोर लावून खुपसली जाते आणि वाटेत येणारे पदर फोडून बाहेर निघते. म्हणजे फुटण्याची तयारी आधीच्या ओळीत झालेली असते आणि दोष मात्र या ओळीतल्या लोकरीला मिळतो.

माझी सवय अशी आहे की धागा गुंडाळला की उजवी सुई अर्धा इंच पुढे सरकवायची, टाका सुईच्या सरळ दांड्यावर बसवायचा आणि मगच डाव्या सुईवरचा जुना टाका सोडायचा. सुरुवातीला यात वेळ जातो. "असे विणले तर स्वेटर उन्हाळ्यात होईल," असे मला एका मुलीने ऐकवले होते. तिने तो आवळून भरभर विणला, बॉर्डर तीनदा उसवली आणि थंडी संपेपर्यंत स्वेटरची पाठही पूर्ण झाली नव्हती. पहिला महिना वेगाचा विचारच करू नये, असे मी प्रत्येकीला सांगते. वेग हाताला आपोआप येतो, पण आवळून विणण्याची सवय लागली की ती मोडायला वर्ष जाते.

टाके घालतानाही हेच होते. पहिली ओळ घट्ट होत असेल तर टाके घालण्यापुरती एक नंबर जाड सुई घ्यावी. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. त्यामुळे १० नंबरवर विणणार असाल तर टाके ९ नंबरवर घालावेत. उलट समजून ११ नंबरची सुई घेणाऱ्या दरवर्षी एक-दोघी तरी निघतात.

फुटलेला टाका दिसूनही पुढे जाणे

या एका बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेत नाही, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या बाळासाठी मी पांढऱ्या चार पदरी लोकरीचे टोपरे आणि मोजे विणले. दुसऱ्या मोज्याच्या पंजात दोनाचा एक करताना, म्हणजे दोन टाके एकत्र विणताना, सुई पदरांतून गेली. तीन ओळी पुढे गेल्यावर मला ते दिसले. आतल्या बाजूला दोन पदरांची, तांदळाच्या दाण्याएवढी कडी होती. बारशाला दोनच दिवस उरले होते. कडी आतच राहणार, धुतल्यावर बसेल, असे म्हणून मी मोजा पूर्ण केला.

आठ दिवसांनी भाचीचा फोन आला. "मावशी, बाळ किती वेळ रडत होतं, काही कळेना. मोजा काढताना बघितलं तर करंगळीला धागा अडकलेला." त्या कडीत बाळाच्या पायाची करंगळी शिरली होती आणि पाय हलवताना धागा ओढला जाऊन बोटाभोवती आवळला गेला होता. तिने तो कापला. बोटावर लाल वळ होता आणि तो संध्याकाळपर्यंत गेला. आणखी काही तास कोणाच्या लक्षात आले नसते तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. तान्ह्या मुलांच्या बोटांना केस किंवा धागा आवळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो, हे डॉक्टरांना चांगले परिचित आहे. तेव्हापासून मोजे, हातमोजे आणि टोपरे पूर्ण झाले की मी ते उलटे करते आणि आतल्या प्रत्येक ओळीवरून बोट फिरवते.

त्याच ओळीत दिसलेला फुटलेला टाका एकेक टाका मागे सोडत जाऊन दुरुस्त करावा. काही ओळी खाली असेल तर सगळे विणकाम उसवायची गरज नसते. त्या टाक्याच्या सरळ वर येईपर्यंत विणावे, तेवढा एकच टाका सुईवरून सोडून फुटलेल्या जागेच्याही एक ओळ खाली जाऊ द्यावा आणि क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा, सगळे पदर आकड्यात आल्याची खात्री करून, वर आणावा. मात्र चूक दोनाचा एक केलेल्या जागी असेल, तर त्या ओळीपर्यंत उसवलेलेच बरे.

पिळाकडे दुर्लक्ष

गुंडा उभा ठेवून त्याच्या एका टोकाकडून धागा ओढला, तर प्रत्येक वेढ्यामागे धाग्याला एक पीळ चढतो किंवा एक उतरतो. गुंडा वाडग्यात लोळू दिला तर असे होत नाही. याशिवाय विणणाऱ्या हाताच्या वळणानेही पीळ बदलतो. बहुतेक कारखानी लोकरीत सुताला एका दिशेने आणि पदर एकत्र करताना उलट दिशेने पीळ दिलेला असतो. उजव्या हाताने क्रोशा विणताना, विशेषतः एकामागून एक खांब (क्रोशाचे उंच टाके) घालताना, हा पदरांचा पीळ थोडा थोडा उतरत जातो. म्हणून जी लोकर सुयांवर नीट विणली जाते, तीच क्रोशाला फुटते. पदर सुटे दिसू लागले की थांबावे, धागा गुंड्यापाशी सेफ्टी पिनने अडकवावा, विणकाम हातात धरून गुंडा मोकळा लोंबू द्यावा आणि बोटांनी पीळ भरावा. दर दोन-तीन ओळींनी एवढे केले तरी पुरते.

उसवलेली लोकर तशीच विणणे

जुना स्वेटर उसवून लहान मुलाचा करणे ही आपल्या घरांतली चांगली रीत आहे. परंतु उसवलेला वाकडातिकडा धागा थेट गुंडाळून विणायला घेतला तर तो जागोजागी फुटतो, कारण प्रत्येक वळणावर त्याचा पीळ कमी-जास्त झालेला असतो. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत वाळवावी. या कामाला इस्त्रीचा जवळचा मार्ग नाही. अ‍ॅक्रिलिक तर इस्त्रीने कायमचे लुळे पडते.

बाकीच्या चुका लहान आहेत. लोकरीच्या मानाने बारीक क्रोशा घेतला तर आकड्यात सगळे पदर मावत नाहीत. एक नंबर जाड घ्यावा आणि धागा ओढून आणताना आकडा खाली वळवावा. बांबूच्या सुईचे टोक खरखरीत झाले असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासावे. सुईला मेण किंवा तेल लावू नये, डाग जात नाहीत. घाम येत असेल तर हात धुऊन, कोरडे करून बसावे. गडद लोकर रात्री विणू नये, आणि विणायचीच असेल तर मांडीवर पांढरा पंचा पसरावा, म्हणजे टाक्यांची तोंडे स्पष्ट दिसतात.

स्वेटरचे भाग जोडताना कपडे शिवायची टोकदार सुई वापरू नये; मोठ्या नेढ्याची बोथट सुई घ्यावी. टोकदार सुई मी एकाच वेळी घेते, ती शेवटी उरलेली धाग्याची टोके आत लपवताना. तिथे पदर मुद्दाम फोडून त्यांतून टोक ओवले की ते धुण्यातही बाहेर येत नाही.