ब्रोकोलीचा गड्डा लिंबाएवढाच राहतो? या चुका टाळा

झाड गुडघ्याएवढं, पानं हिरवीगार आणि मधोमध लिंबाएवढा गड्डा. मग दोष खताला, नाहीतर बियाण्याला. माझं मत विचाराल तर बिघाड बहुतेक वेळा फार आधी, रोपं ट्रेमध्ये असतानाच झालेला असतो.

बी मोहरीसारखं बारीक, त्यामुळे अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नका. तापमान 20 ते 25 अंश असलं की आठवडाभरात कोंब वर येतात. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पण उगवल्यावरही ट्रे सावलीतच राहिला की रोपं उजेडाकडे धावतात, लांबुळकी होतात आणि आडवी पडतात. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. कोंब दिसताच ट्रे कोवळ्या उन्हात न्या. थोडी लांबलेली रोपं मात्र फेकू नका. लावताना देठ खालच्या पानांपर्यंत मातीत गाडला तर ती सावरतात.

रोपं बुंध्याशी बारीक होऊन कोलमडत असतील, तर तो मर रोग. कोलमडलेलं रोप वाचत नाही, औषध शोधत बसू नका. दाट पेरणी, निचरा नसलेला ट्रे आणि मायेपोटी घातलेलं जास्तीचं पाणी, हीच त्यामागची कारणं. वरचा थर सुकू लागला की मगच पाणी द्या, तेही ट्रेच्या खालून.

आता त्या लिंबाची गोष्ट. रोप चार-पाच आठवड्यांचं झालं, त्याला चार-पाच खरी पानं (उगवताना दिसणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली, की ते वाफ्यात गेलंच पाहिजे. ‘अजून जरा वाढू दे’ म्हणत थांबलात तर मुळं ट्रेच्या कप्प्यात वेटोळी घालतात, झाडाला उपासमार जाणवते आणि अंगानं वाढण्याआधीच ते फुलायची घाई करतं. मी एकदा आळसापायी दोन महिन्यांची रोपं लावली होती. आठही झाडांना बटणं, म्हणजे तेच लिंबाएवढे गड्डे, धरली, आणि नंतर कितीही शेणखत ओतलं तरी एकही गड्डा फुगला नाही. नत्र कमी पडलं, पाण्यात खंड पडला किंवा लागवडीनंतर आठवडाभर पारा 10 अंशांखाली राहिला, तरी हेच होतं. दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा. कुंडी असेल तर एका कुंडीत एकच रोप, मोह आवरा.

पांढरी फुलपाखरं भिरभिरताना छान दिसतात, पण ती पानांखाली अंडी घालायला आलेली असतात. जाळी लागवडीच्या दिवशीच लावा. अळ्या दिसल्यावर लावलेली जाळी त्यांनाच आत कोंडते. त्या वेळी पानं उलटून बोटांनी वेचणं हाच खरा उपाय. माव्यावर, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांवर, पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो.

शेवटची चूक लोभाची. गड्डा आणखी मोठा होईल म्हणून वाट पाहिली की कळ्या सैल होतात, पिवळ्या दिसू लागतात आणि चव उतरते. उन्हाळी दिवसांत तर हे एक-दोन दिवसांत घडतं. कळ्या घट्ट, गर्द हिरव्या असतानाच बोटभर दांड्यासह तिरका काप घ्या. आणि झाड उपटू नका. पानांच्या बगलेतून छोटे तुरे फुटतात, पाणी देत राहिलात तर पुढचे काही आठवडे तोडणी सुरूच राहते.