राजीनामा मागे घ्यायचा असेल तर आजच पत्र द्या

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी आस्थापना विभाग सांभाळते. साहेबांशी वाजलं की तिरीमिरीत राजीनामा देऊन मोकळी झालेली माणसं दोन दिवसांनी माझ्या टेबलाशी येतात. "मॅडम, आता काही होऊ शकते का?" होऊ शकते. पण आधी पत्रातली तारीख दाखवा.

"३० तारखेला कार्यमुक्त करावे" असं लिहिलं असेल, तर तोवर तुम्ही नोकरीतच आहात आणि साधारणपणे राजीनामा मागे घेता येतो. मंजूर झाला असला तरीही. भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याचा राजीनामा ४ जानेवारी १९९३ ला, दिला त्याच दिवशी मंजूर झाला. कार्यमुक्ती १५ तारखेची होती, त्यांनी ८ तारखेला तो मागे घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मंजुरी नुसती फाईलमध्ये पडून असेल, तर ती धरत नाहीत, हे २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या प्रकरणात स्पष्ट झालं. मात्र "तत्काळ कार्यमुक्त करा" लिहून मंजुरीचं पत्र हाती आलं असेल, तर सगळं मालकाच्या मर्जीवर. नियुक्तीपत्रात किंवा सेवानियमांत वेगळी अट आहे का, तेही बघून घ्या.

पत्र चार ओळींचं पुरे: "मी दि. ___ रोजी दिलेला राजीनामा या पत्राद्वारे मागे घेत आहे. मी सेवेत कायम असून नियमित कामावर हजर आहे." कारणं, माफी, साहेबांची तक्रार यातलं काही लिहू नका. दोन प्रती काढा. एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्याच. ही पोच सोन्यासारखी जपा. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवा आणि स्वतःच्या खासगी ईमेलवरूनही, कारण कंपनीचा ईमेल कधीही बंद होतो. तोंडी "बघू ना" वर अजिबात विसंबू नका, कितीही जवळचे साहेब असोत.

ड्युटी चुकवू नका. नो ड्यूजवर (काही देणं-घेणं बाकी नाही, या कागदावर) सही करू नका, ओळखपत्र देऊ नका, पीएफ काढायचा अर्ज भरू नका. नंतर हेच कागद तुमच्याविरुद्ध लावतात.

खासगी अनुदानित शाळेतल्यांनी महाराष्ट्राच्या खासगी शाळा कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या कायद्याचं कलम ७ आधी वाचावं, तिथे राजीनाम्याची पद्धतच वेगळी आहे.

नकार आला तर तो लेखी मागा. कामगार असाल तर नागपूरच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात दाद मागता येते. व्यवस्थापक पदावर असाल तर नोकरी परत मिळवणं अवघड, म्हणून वकिलाला लगेच भेटा.