बियांची पुडी आणि प्रदर्शनाचं ताट : या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर मी गेली 18 वर्षं भाजी लावते. आमच्या परसबागवाल्यांच्या गटात मृग लागायच्या आधी बियांची देवघेव होते आणि जानेवारीत घरच्या भाज्यांचं छोटं प्रदर्शन भरतं. दरवर्षी नवी माणसं येतात, हौसेनं लावतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. समजावून सांगून आता घसा बसलाय, म्हणून लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निनावी बी. पुडीवर फक्त ‘देशी दुधी’ लिहायचं आणि मूठमूठ वाटत सुटायचं. चार वर्षांपूर्वी मिरजेच्या एका ताईंनी असंच बी दिलं. त्यांचा दुधी गोड होता, आम्ही सगळ्यांनी खाल्ला होता. त्यांच्या शेजाऱ्यांनी मात्र कुंपणावर तंबोऱ्याच्या भोपळ्याचा वेल चढवला होता. मिरजेत सतारमेकर गल्लीत सतारी-तंबोऱ्यांना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, तिथूनच त्यांनी हौसेनं बी आणलं होतं. हा भोपळा कडू, पण जात दुधीचीच. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री पतंग या वेलावरून त्या वेलावर फिरतात. परागकण कडू भोपळ्याचे आले तरी त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, कारण गर आईच्या वेलाचा असतो. कडूपणा उतरतो तो आतल्या बियांत, आणि तो पुढच्या वर्षी ताटात येतो.

तो आमच्या ताटात आला. माझ्या यजमानांना सकाळी दुधीचा रस घ्यायची सवय. पहिल्या घोटालाच कडू लागला, पण ‘कडू ते औषधी’ म्हणत त्यांनी नाक दाबून अर्धा पेला संपवला. अर्ध्या तासात उलट्या आणि जुलाब सुरू झाले, दोन दिवस सलाईनवर काढावे लागले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून बी नेलेल्या 11 घरांना एकेक फोन केला. एका वहिनींनी तर भाजी फोडणीला टाकली होती. शिजवून हे विष जात नाही, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. त्या ताई महिनाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण नुसत्या चांगल्या मनानं बी शुद्ध राहत नाही.

तेव्हापासून माझा नेम असा. बियांसाठी ठेवायच्या वेलावर उद्या उमलणार असं वाटणारी मादी कळी (जिच्या मागं इवलासा दुधी असतो ती) आणि एक नर कळी, दोन्ही आदल्या दिवशी दोऱ्यानं हलकेच बांधायच्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सोडून नराचे पराग मादीला लावायचे, मादी पुन्हा बांधायची आणि देठाला लाल दोरा. त्याच फळाचं बी. दोडक्यालाही हेच, कारण तोही संध्याकाळी फुलतो. काकडी, लाल भोपळ्याला मात्र सकाळी उठावं लागतं. बी लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात ठेवते आणि वर लिहिते: कुणाकडून, कुठल्या गावचं, कोणतं साल, फूल बांधलेलं की खुलं. हे चार शब्द लिहायचा ज्यांना कंटाळा, त्यांच्याकडून मी बी घेत नाही. आणि दुधी, काकडी, दोडका कुणाचाही असो, चिरताना चकती जिभेला लावून बघायचीच. कडू लागली की थुंकायची आणि ते फळ टाकून द्यायचं.

बाकीच्या चुका थोडक्यात. संकरित वाणाचं बी धरून तेच फळ पुन्हा येईल ही आशा सोडा. मुळा-गाजराची रोपं उपटून दुसरीकडं लावू नका, जागेवरच पेरा, नाहीतर मुळांना फाटे फुटतात. धणे चपलेखाली रगडून दोन फाका करून पेरा. कुंडीत नुसती काळी माती भरू नका, ती सुकली की विटेसारखी होते. वांग्याचा शेंडा मान टाकलेला दिसला की त्यात अळी आहे, तो पोखरलेल्या भागाच्या खालून खुडून नष्ट करा. शेंडा तसाच ठेवून वर फवारणी करण्यात काही अर्थ नाही.

आता ताट. प्रदर्शनात पाच वांग्यांचं ताट मांडायचं असतं. नवे लोक एक भलंमोठं वांगं आणि चार त्याची पिल्लं आणून ठेवतात. पाची नग एका मापाचे, एका रंगाचे हवेत, त्यासाठी 20 झाडांवर नजर ठेवावी लागते. दुधीही मोठा आणायची चढाओढ असते. मी नख लावून बघते. नख रुतलं नाही तर तो जून, कितीही मोठा असला तरी. दुधीवरची कोवळी लव पुसू नका, तीच त्याची ओळख आहे.

वांग्याला तेल लावू नका. एका तरुणानं चार दिवस फ्रीजमध्ये जपलेली वांगी तेल चोळून आणली होती. लांबून झळकत होती, जवळ गेल्यावर सालीवर खड्डे आणि देठाची टोपी तपकिरी पडलेली. झाडं त्याचीच होती, मेहनत खरी होती, म्हणून फार वाईट वाटलं. ‘मावशी, आदल्या दिवशी वेळ मिळणार नव्हता,’ म्हणाला. मग प्रदर्शनात भाग घेऊ नये. कृष्णाकाठच्या वांग्याची पातळ साल घाई सोसत नाही.

घाई तर पेरणीपासूनच असते. जानेवारीच्या ताटासाठी डिसेंबरात रोपं शोधत फिरणारे मला दरवर्षी भेटतात. ऑगस्टच्या शेवटी बी टाकायचं, महिन्याभरानं रोप लावायचं, मग पुढं दोनेक महिन्यांनी फळ धरतं. प्रदर्शनाच्या दिवशी मी पहाटे पाचला कात्री घेऊन गच्चीवर जाते, दव पडलेलं असतानाच बोटभर देठ ठेवून वांगी कापते, काटे मोडू नयेत म्हणून एकेक ओल्या मलमलीत गुंडाळते आणि टोपलीत देठ वर करून ठेवते.