जुन्या फ्रेंच बांधणीवरचं सोनेरी काम: नक्षीआधी ठसा पाहा

जुन्या पुस्तकाची फ्रेंच कातडी बांधणी समोर आली की नवशिक्याची नजर आधी नक्षीवर जाते आणि शैलीचं नाव लगेच तोंडात येतं. घोळ तिथेच होतो. नक्षीची नक्कल करता येते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ती राजरोस होत होती. कारखाना ओळखायचा तर एकेका पितळी ठशापर्यंत उतरावं लागतं.

कामाची रीत आधी समजून घ्या. कातड्यावर अंड्याचा पांढरा भाग फिरवायचा, तो सुकला की सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि तापवलेला ठसा दाबायचा. उष्णता लागते तिथेच वर्ख धरतो, बाकीचा पुसून निघतो. ठसा कमी तापला तर सोनं तुटक बसतं, जास्त तापला तर कातडं करपून कडा काळसर होतात. त्यामुळे हाताच्या कामात शेजारशेजारचे दोन ठसेही तंतोतंत सारखे उमटत नाहीत. दोन्ही पुठ्ठ्यांवरची नक्षी केसाइतकीही फरक न पडता जुळली आणि खोली सगळीकडे सारखी असली, तर ती एकाच मोठ्या साच्याने यंत्रात दाबलेली असण्याची शक्यता धरा. अठराव्या शतकात दुबुइसों या बांधणीकाराने ‘आल्माना र्‍वायाल’ या वार्षिकासाठी असे साचे वापरले होते. म्हणजे साचा दिसला म्हणून बांधणी नकली ठरत नाही.

काळाचा पहिला अंदाज ठशाच्या पोटावरून येतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीच्या वळणाची भरीव पानं दिसतात. शतकाच्या मध्याला त्याच पानांच्या पोटात समांतर बारीक रेघा येतात. या दोन्ही प्रकारांचे ठसे, एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांसह, ज्याँ ग्रोलिए या फ्रेंच संग्राहकाच्या (मृत्यू १५६५) पुस्तकांवर सापडतात. १६३० नंतर पानांच्या आणि वेलींच्या रेषा सलग न राहता ठिपक्यांच्या होतात. तेव्हा भरीव पानं पाहून सतरावं शतक सांगू नका, आणि ठिपके दिसत असताना सोळावं तर मुळीच नाही. मात्र हा नियम एकाच दिशेने चालतो. जुना ठसा नंतरही वापरला जातो, उलटं कधी होत नाही.

१५७० च्या सुमारास सुरू झालेल्या फाँफार शैलीत पुठ्ठा लहानमोठ्या कप्प्यांत विभागलेला असतो आणि मधला कप्पा सर्वांत मोठा. कप्प्यांभोवतीच्या पट्टीच्या एका कडेला एक रेघ असते, दुसर्‍या कडेला दोन. भिंग लावून ही रेघ जरूर मोजा. गंमत म्हणजे हे नाव त्या काळातलं नाहीच. तूव्हनँ या बांधणीकाराने १८२९ मध्ये लेखक शार्ल नोदिएच्या संग्रहातल्या एका पुस्तकावर ही जुनी नक्षी पुन्हा वापरली, त्या पुस्तकाच्या शीर्षकावरून ते पडलं. म्हणूनच फाँफार दिसली की काळाचे दोन पर्याय डोक्यात ठेवावे लागतात.

सगळ्यात जास्त चुका अठराव्या शतकातल्या लेसच्या, म्हणजे दांतेल, किनारीत होतात. पादलू आणि धाकटा देरोम (१७३१–१७९०) हे त्यातले मोठे बांधणीकार. देरोमच्या किनारीत पंख पसरलेला छोटा पक्षी असतो, आणि पक्षी दिसला की विक्रेते किंमत चढवतात. पण पक्षी इतर कारखान्यांतही होता आणि त्याचे ठसे वेगवेगळे होते. पंखांची पिसं मोजा, डोक्याची दिशा पाहा, चोचीपासून शेपटीपर्यंतचं अंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घ्या. कातडं आकसतं, म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा फरक माफ. त्याहून जास्त असेल तर ठसा वेगळा. खरा पुरावा म्हणजे खोट: तुटलेलं पीस, वाकलेली देठाची रेघ. तीच खोट त्याच जागी दुसर्‍या, बांधणीकाराचं नाव असलेल्या पुस्तकावर भेटली तरच बोलता येतं.

किनारी नक्षी कोरलेलं चाक फिरवून काढलेली असेल तर खोट ठरावीक अंतराने पुन्हा येते. ते अंतर म्हणजे चाकाचा परीघ. दोन पुस्तकांवर परीघ आणि खोट दोन्ही जुळले तर चाक एकच.

फोटो घेताना पुस्तक सपाट ठेवा, मोजपट्टी कातड्याच्या पातळीवर ठेवा आणि दिवा एका बाजूने, अगदी तिरका लावा. समोरून प्रकाश टाकला की सोनं चमकतं आणि ठशाची कड हरवते. कागद ठेवून पेन्सिलीने घासण्याची जुनी पद्धत टाळावी: लालसर भुकटी सुटणार्‍या कातड्यावर सोन्याचा थर त्याबरोबर निघून येतो. अशा कातड्याला तेलही लावू नका. जुळवणीसाठी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा बांधणींचा ऑनलाइन संग्रह उघडा.

मग बांधणी या पुस्तकाचीच आहे का, ते तपासा. जुन्या पुठ्ठ्यांत दुसरंच पुस्तक बसवण्याचा धंदा जुना आहे. पुठ्ठ्यातली किडीची भोकं पहिल्या पानांत तशीच पुढे जातात का? कण्यावरचे उंचवटे आतल्या शिवणीच्या दोर्‍यांशी जुळतात का? एकोणिसाव्या शतकात तेओदोर आगे या कारागिराने राजेमहाराजांच्या नावाच्या बनावट बांधण्या इतक्या सफाईने केल्या की मोठे संग्राहकही फसले. घराण्याचं चिन्ह मध्यभागी असेल तर ते आजूबाजूच्या नक्षीवर चढलंय का आणि त्याचं सोनं इतर सोन्याइतकं झिजलंय का, हे पाहा. झिजलेल्या कातड्यावर न झिजलेलं सोनं दिसलं, तर ते नंतर चढवलेलं आहे.

नोंद करताना ‘देरोमची बांधणी’ असं लिहिण्याचा मोह होतो. कागदावर त्याचं छापील लेबल किंवा कण्यावर सही नसेल, तर ‘अमुक पुस्तकावरच्या पक्षी-ठशाशी जुळणारा ठसा, १८ वं शतक’ एवढंच लिहा, आणि ठशाचं माप त्याच ओळीत द्या.