स्क्रीन रेकॉर्डिंग करताय? या चुका टाळा (आणि लाईट जायच्या आधी सेटिंग बघून घ्या)

स्क्रीन रेकॉर्डिंग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एकच गैरसमज असतो, की मला समोर जे दिसतंय आणि कानाला जे ऐकू येतंय तेच फाइलमध्ये जातंय. तसं नसतं. रेकॉर्डर तुम्ही निवडलेली खिडकीच बघतो, निवडलेलाच माईक ऐकतो, आणि आपल्याला सवयीने ऐकू येईनासा झालेला पंखा त्याला मात्र व्यवस्थित ऐकू येतो. खालच्या बहुतेक चुका यातूनच होतात.

आमच्याकडे रत्नागिरीपासून खाली सावंतवाडीपर्यंत हल्ली बरेच जण असे व्हिडिओ बनवतात. सेतू केंद्रवाला सातबारा कसा काढायचा ते दाखवतो, शाळेतल्या मॅडम अतिवृष्टीची सुट्टी पडली की घरून गणित शिकवतात, होमस्टेवाले काका मुंबईच्या पाहुण्यांना बुकिंगचा फॉर्म समजावतात. मी बहुतेक सगळं ओबीएस स्टुडिओ (थोडक्यात ओबीएस) हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर धरून लिहितोय, कारण ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि वॉटरमार्क किंवा वेळेची मर्यादा असली भानगड नाही.

लाईट गेली, फाइल पण गेली

कोकणात राहून ही चूक करायची म्हणजे कमाल आहे, पण रोज कोणीतरी करतंच. डेस्कटॉपवर बसायचं, यूपीएस नाही, बाहेर ढग गडगडतायत, आणि रेकॉर्डिंग फॉरमॅट साधा एमपी४. पाऊण तास बोलून झालं आणि लाईट गेली की फोल्डरमध्ये फाइल दिसते, तिची साइज पण चांगली भरभक्कम दिसते, पण ती उघडतच नाही. कारण असं की साध्या एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अख्खी यादी रेकॉर्डिंग स्टॉप केल्यावर शेवटी लिहिली जाते. स्टॉप झालंच नाही तर यादीच नाही, मग आतला माल शाबूत असूनही प्लेयरला काही कळत नाही.

उपाय सोपा आहे, सेटिंग्जमध्ये आउटपुटला जाऊन रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही करा. लाईट गेली तरी तोपर्यंतचं सगळं वाचतं, शेवटचे काही क्षण गेले तर गेले. नंतर फाइल मेनूत रीमक्स रेकॉर्डिंग्ज म्हणून आहे, तिथे एमकेव्ही टाकली की एमपी४ मिळते, क्वालिटीला धक्का लागत नाही आणि काम पण पटकन होतं. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये हे आपोआप करायची टिक पण आहे. ३०.२ व्हर्जनपासून हायब्रिड एमपी४ नावाचा प्रकार आलाय, तो पण अचानक बंद पडलं तरी फाइल वाचवतो.

आणि ज्यांची फाइल आधीच गेलीय त्यांच्यासाठी, अनट्रंक नावाचं एक फुकट टूल आहे, त्याला त्याच सेटिंगवर केलेली दुसरी एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते, मग ते मोडकी फाइल जोडायचा प्रयत्न करतं. कधी जमतं कधी नाही. दुकानात पैसे देण्याआधी हे करून बघा.

लॅपटॉपवाल्यांनी पण फार खुश होऊ नये. लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बरेच लॅपटॉप बॅटरीवर आपला वेग कमी करतात, मग खाली एन्कोडिंग ओव्हरलोडेड अशी सूचना येते आणि व्हिडिओ अडखळायला लागतो. ती दिसली की फ्रेम रेट ६० वरून ३० करा (फॉर्म भरायचा व्हिडिओ आहे, क्रिकेटची मॅच नाही, ३० खूप झाले), आउटपुट ७२० वर आणा, आणि लॅपटॉपमध्ये क्विकसिंक किंवा एनव्हीएन्क (ग्राफिक्स चिपवर चालणारे एन्कोडर) असेल तर एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग, एक्स२६४ वरून त्यावर टाका म्हणजे प्रोसेसरवरचा भार उतरेल.

काळी स्क्रीन

याच्यावरून लोक सॉफ्टवेअरला सगळ्यात जास्त शिव्या घालतात आणि बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर स्क्रीन एका चिपवर चालू असते आणि ओबीएस दुसऱ्या चिपवर, त्यामुळे डिस्प्ले कॅप्चर (अख्खी स्क्रीन रेकॉर्ड करायचा प्रकार) लावलं की काळं. विंडोज सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग ग्राफिक्स असं जायचं, तिथे ओबीएस ॲड करायचं, ऑप्शन्समध्ये पॉवर सेव्हिंग निवडायचं आणि ओबीएस बंद करून परत उघडायचं. हो, पॉवर सेव्हिंग, हाय परफॉर्मन्स नाही. हाय परफॉर्मन्स गेम कॅप्चरसाठी, पण नाव बघून सगळे तेच निवडतात.

क्रोमची खिडकी एकटीच काळी येत असेल तर विंडो कॅप्चरच्या (एकच खिडकी रेकॉर्ड करायचा प्रकार) प्रॉपर्टीजमध्ये कॅप्चर मेथड ऑटोमॅटिक न ठेवता विंडोज १० वाली करा. पिक्चरच्या ओटीटी ॲपवर किंवा मोबाइलच्या बँकेच्या ॲपवर काळं येत असेल तर मात्र डोकं फोडून घेऊ नका, ते मुद्दाम बंद केलेलं असतं, आणि बँकेच्या बाबतीत ते बरंच आहे.

व्हिडिओत मेनूच नाही

ही चूक कमी लोकांच्या लक्षात येते म्हणून जरा नीट सांगतो. एका सेतू केंद्रवाल्याने महाभूलेख या सरकारी साइटवर सातबारा कसा बघायचा याचा व्हिडिओ केला होता, बोलणं एकदम छान, आवाज स्वच्छ. तो म्हणतो, "आता इथे जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव," माऊस त्या डब्यावर जातो, आणि काहीच उघडत नाही! थोड्या वेळाने एकदम सिंधुदुर्ग लिहून येतं, मग कुडाळ. बघणाऱ्याला वाटतं ही काय जादू. झालं असं की त्याने विंडो कॅप्चर लावलं होतं, आणि खाली उघडणारी यादी, राइट क्लिकचा मेनू, फाइल सेव्ह करायचा डबा हे सगळं कॉम्प्युटरच्या हिशोबात बऱ्याचदा वेगळ्या खिडक्या असतात. रेकॉर्डरला एकच खिडकी बघ म्हणून सांगितलंय, तो तेवढीच बघणार.

विंडोजच्या गेम बारचं पण असंच आहे, विंडोज आणि ऑल्ट धरून आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं खरं पण ते एकाच ॲपचं, डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर त्यात येत नाही. म्हणून शिकवण्याचा व्हिडिओ असेल तर डिस्प्ले कॅप्चरच बरं. घाईचं काम असेल तर विंडोज ११ मधलं स्निपिंग टूल वापरा, विंडोज-शिफ्ट-आर दाबायचं आणि चौकोन आखायचा, फक्त तो चौकोन एकदा सुरू केल्यावर हलवता येत नाही हे लक्षात ठेवून थोडा मोठाच आखा.

पण डिस्प्ले कॅप्चर लावलं की अख्खं घर दिसतं

म्हणजे व्हॉट्सॲप वेबचे मेसेज, ओटीपी, बुकमार्कची पट्टी, डेस्कटॉपवर "आधार आईचं" नावाची फाइल. मोबाइल नंबरच्या रकान्यात एक अंक टाकला की ब्राउझर खाली पाच जणांचे नंबर सुचवतो, त्यात गिऱ्हाईकांचे पण असतात! रेकॉर्डिंगसाठी क्रोममध्ये वेगळं कोरं प्रोफाइल बनवून ठेवा आणि डू नॉट डिस्टर्ब चालू करा. कोणाचा खरा आधार नंबर स्क्रीनवर आलाच तर एडिटिंगमध्ये त्यावर काळा पट्टा मारा, नुसता धूसर करू नका, धूसर केलेले आकडे कधीकधी ओळखता येतात. आणि पट्टा मारण्यापेक्षा तो तुकडा कापूनच टाकलेला बरा.

आवाज

चित्र थोडं वाईट असलं तर लोक सहन करतात, आवाज वाईट असला तर लगेच बंद करतात. आणि आपल्याकडे आवाजाचे शत्रू भरपूर. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला निम्मा आपल्याच पत्र्यावर पडतोय असं वाटतं. लोक काय करतात, ओबीएसमध्ये नॉइज सप्रेशन लावतात आणि निर्धास्त होतात. ते फिल्टर पंख्यासारख्या एकसारख्या घरघरीवर छान चालतं, पण पत्र्यावर जोराची सर आली की पावसाबरोबर तुमचा आवाज पण खातं आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. त्यापेक्षा पावसात नुसती स्क्रीन रेकॉर्ड करा, आणि सर थांबली की किंवा रात्री माजघरात गाद्या-गोधड्यांच्या जवळ बसून आवाज वेगळा भरा. पडवीत बसून तर नकोच, तिथे गडगा ओलांडून शेजारच्यांची भांडणं पण येतात.

माईकचा मीटर बघायची सवय लावा. बोलताना तो हिरव्यातून पिवळ्यात खेळला पाहिजे, म्हणजे साधारण उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मधे. सारखा लालमध्ये जात असेल तर आवाज फाटणार आणि तो नंतर दुरुस्त होत नाही, हळू आवाज मात्र नंतर वाढवता येतो.

गुहागरकडच्या एका होमस्टेवाल्या काकांनी भाच्याला फोन करून विचारलं होतं, "अरे, माझा आवाज फक्त डाव्या कानात येतो, डॉक्टरला दाखवू की काय?" कान ठणठणीत होता, माईक एकाच चॅनलवर बोलत होता. एडिट मेनूत ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज, तिथे माईकसमोर मोनोची टिक, संपलं. त्याच खिडकीत सिंक ऑफसेट आहे, ओठ आणि आवाज सुरुवातीपासून सारख्याच अंतराने चुकत असतील तर तिथे मिलिसेकंद टाकून जुळवा. अंतर हळूहळू वाढत जात असेल तर तो वेगळा आजार, विंडोजमध्ये माईकचा सॅम्पल रेट ४४.१ आणि ओबीएसमध्ये ४८ किलोहर्ट्झ असं आहे का बघा, दोन्हीकडे ४८ करा. मोबाइलवरून केलेलं रेकॉर्डिंग एडिटरमध्ये असं घसरत असेल तर फ्रेम रेट कमीजास्त होत असतो, हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या.

स्पीकर चालू ठेवून रेकॉर्ड केलं तर कॉम्प्युटरचा आवाज दोनदा येतो, एकदा आतून आणि एकदा माईकमधून, म्हणून हेडफोन घाला. पण ब्लूटूथवाला नको, त्याचा माईक चालू झाला की त्याची क्वालिटी एकदम फोनवर बोलल्यासारखी पडते. दहा वर्षं जुना वायरचा इयरफोन असेल तरी तो चांगला. मॅकवाल्यांसाठी, कमांड-शिफ्ट-५ ने कॉम्प्युटरच्या आतला आवाज येत नाही, फक्त माईक येतो, आतला हवा असेल तर ओबीएस वापरा.

अक्षरं मुंगीएवढी

तुम्ही मोठ्या स्क्रीनवर बघता, बघणारा कोकणकन्येत वरच्या बर्थवर मोबाइल धरून बघतोय. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि प्लस दाबून १२५ किंवा १५० टक्के करा आणि मगच सुरू करा. लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा असेल तर आउटपुट १९२० बाय १०८० करून काही मिळत नाही, नुसती फाइल फुगते.

अक्षरं पुसट येत असतील तर ओबीएसच्या आउटपुट सेटिंग्जमध्ये सिंपल मोडला रेकॉर्डिंग क्वालिटी "सेम ॲज स्ट्रीम" आहे का बघा, ती "हाय क्वालिटी, मीडियम फाइल साइज" करा. याने अजून एक कोडं सुटेल, पॉज बटण कुठे गेलं म्हणून विचारतात ना, सेम ॲज स्ट्रीमवर असताना पॉज मिळतच नाही. जागेचा अंदाज हवा तर बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा लिहायचा तो आकडा) २५०० केबीपीएस असेल तर तासाला साधारण १.१ जीबी, आणि कोणाचं तरी ऐकून ४०००० टाकलंत तर तासाला १८ जीबी. पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करू नका, तो हळू असतो, आणि फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही.

माऊस कुर्लीसारखा तिरका तिरका पळवू नका. जिथे क्लिक करायचंय तिथे न्या, थांबा, बोला, मग क्लिक करा.

सुरू करण्याआधी

वीस-तीस सेकंदांचं खोटं रेकॉर्डिंग करा, त्यात एक मेनू उघडा, एक व्हिडिओ वाजवा, दोन वाक्यं बोला, आणि ते मोबाइलवर घेऊन इयरफोन लावून बघा. कॉम्प्युटरवरच बघितलंत तर अक्षरांचा आकार आणि एका कानाचा घोळ दोन्ही नजरेतून सुटतात. गणपतीच्या रेल्वे बुकिंगचा व्हिडिओ करणाऱ्यांनी तर हे आदल्या दिवशीच करून ठेवावं, आता आगाऊ बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि सकाळी आठला खिडकी उघडल्यावर सेटिंग शोधायला वेळ नसतो. तिथे प्रवाशांची नावं, वय सगळं स्क्रीनवर येतं, ते पण बघा.

राहिलं पाठवायचं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरांची वाट लागते, त्याऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो. किंवा यूट्यूबवर अनलिस्टेड टाकून लिंक द्या, फक्त अपलोड झाल्या झाल्या लिंक टाकू नका, सुरुवातीला तिथे फक्त हलक्या क्वालिटीचा व्हिडिओ दिसतो आणि एचडी तयार व्हायला वेळ लागतो. तेवढं थांबला नाहीत तर ग्रुपवर पहिला मेसेज येणारच, "काय एक दिसणा नाय."