जुनी लेझर बोट दुरुस्त करायची तर आधी खोबण, रंग शेवटी

जुनी फायबरची डिंगी हातात आली की लोक पहिल्यांदा रंगाच्या दुकानात जातात. जाऊ नका. तीस-चाळीस वर्षं वापरलेल्या लेझरचं, म्हणजे या छोट्या शिडाच्या बोटीचं, खरं दुखणं वरून दिसत नाही. आत मुरलेलं पाणी, पोचट झालेला डेक (बोटीचा वरचा पृष्ठभाग) आणि डोलकाठी जिच्यात उभी राहते ती खोबण, ही ती तीन दुखणी. त्यातली खोबण धड नसेल तर बाकीच्या दुरुस्तीला काही अर्थ नाही.

ब्रूस कर्बी या कॅनडाच्या आरेखकाची ही बोट १९७० च्या सुमारास जन्मली. लांबी ४.२३ मीटर, शीड ७.०६ चौरस मीटर, नुसत्या हलचं, म्हणजे बोटीच्या अंगाचं, वजन ५९ किलोच्या आसपास. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिकमध्ये आहे, आता आयएलसीए या नावाने. जगभरात दोन लाखांहून जास्त बोटी बनल्या. आपल्याकडे मुंबई, गोवा, हैदराबाद, चेन्नई इथल्या क्लबांमध्ये जुने हल सापडतात. यातले बरेचसे वाचवण्याजोगे असतात.

घेण्याआधी

हल एका बाजूने उचलून हलवा आणि आत पाण्याचा आवाज येतो का ऐका. मग वजन करा. भंगारवाल्याकडे असतो तसा लटकवायचा काटा आणि दोन पट्टे पुरतात. काटा ६५ किलोच्या पुढे गेला तर पाणी फोममध्ये मुरलेलं आहे असं धरा. डेकवर पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे ठीक, भदभद आवाज येतो तिथे वरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय. तो भाग पेन्सिलीने आखून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. डोलकाठीचा खालचा तुकडा खोबणीत घाला, एकाने वरून पुढे-मागे आणि आडवा ओढा, दुसऱ्याने खोबणीच्या कडेला हाताचं बोट टेकवून ठेवा. डेक आणि खोबणीची नळी यांच्यात केसाइतकीही हालचाल जाणवली तर खोबण गेलेली आहे. त्यानंतर खोबण काठोकाठ पाण्याने भरा आणि तासभर थांबा. पातळी उतरली तर ते पाणी थेट हलच्या पोटात चाललंय.

पाणी काढणं आणि वाळवणं

मागच्या फळीचं बूच काढून बोट तिरकी करा, साचलेलं पाणी काढा. समुद्रावर चाललेली बोट असेल तर लगेच आत दोन-तीन बादल्या गोडं पाणी फिरवून तेही काढून टाका. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आत मीठ राहिलं की ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि हल कधीच कोरडा होत नाही. नंतर झाकणाच्या भोकातून (ते कुठे पाडायचं ते खोबणीच्या भागात आहे) पंख्याची हवा सोडून ठेवा, दहा-पंधरा दिवस तरी. कोकणात, मुंबईत हे काम नोव्हेंबर ते मे यातच करायचं. पावसाळ्यात बोट वाळत नाही.

गळती शोधणं

बुचाच्या भोकातून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब द्या, सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे येतील तिथे खूण करा. कॉकपिटच्या (बसायच्या खड्ड्याच्या) पुढच्या भिंतीवर, डेकच्या ओठाखाली, हवेसाठी एक बारीक छिद्र असतं. चाचणीपुरती त्यावर टेप लावा आणि नंतर आठवणीने काढा. हे छिद्र गळतं म्हणून कायमचं बुजवणारे लोक आहेत. अशी बंद बोट उन्हात तापली की आतली हवा फुगते आणि सांधे उघडतात. दाबासाठी कॉम्प्रेसर तर लावूच नका.

खोबण

आता घाई न करण्याचं काम. लेझरच्या डोलकाठीला बाजूने तारा नसतात. सुमारे ६ मीटरची काठी हातभर खोलीच्या नळीत उभी राहते आणि शिडावरचा सगळा जोर दोनच जागी येतो: नळीची वरची कड जिथे डेकला चिकटते तिथे, आणि नळीचं बूड जिथे हलला टेकतं तिथे. बुडाचा सांधा सुटला की वरचा एकटा ताण घेतो, आणि मग एखाद्या वाऱ्याच्या दिवशी काठी डेक फाडून बाहेर येते. त्यामुळे वरच्या कडेला सिलिकॉन फासून ‘गळती थांबली’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. गळती हे लक्षण आहे, सांधा खाली तुटलेला असतो. वर सिलिकॉनचा अंश राहिला की नंतर त्यावर इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) धरत नाही, ते वेगळंच. नळाला लावतात ती पुट्टीही इथे कामाची नाही.

आत हात जायला झाकणाचं भोक पाडावंच लागतं. डोलकाठीच्या भोकापासून साधारण २० सेंटिमीटर मागे आणि थोडं बाजूला. १५ सेंटिमीटरपेक्षा जवळ नको, तिथे डेकवर ताण असतो. झाकण ५ किंवा ६ इंची. हात जाड असेल तर ६ इंचीच घ्या. कापायच्या रेषेवर टेप लावा, जिगसॉला बारीक दातांचं पातं लावा. आत पाहायला फोनचा कॅमेरा आणि छोटी बॅटरी. नळीत नीळ घातलेलं पाणी ओतलं की तडा कुठे आहे ते निळ्या रेषेवरून कळतं.

पुन्हा वाळवा, मग साफसफाई. आधी ॲसिटोनने पुसा, मग ६० नंबरच्या पॉलिश पेपरने नळीचं बूड आणि भोवतालचा १० सेंटिमीटरचा पट्टा खरवडा, मग पुन्हा ॲसिटोन. क्रम हाच ठेवा. आधी घासलंत तर तेलकटपणा घासणीबरोबर आत रुततो. निळीचा डाग, सुटलेले तुकडे, जुना ठिसूळ गोंद, सगळं निघालं पाहिजे. फायबरची धूळ वाईट असते, म्हणून मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतोच. ओलावा उरलाय का हे बघायला खरवडलेल्या जागी प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर काम पुढे ढकला.

रेझिन इपॉक्सीच वापरा. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा कारागीर पॉलिस्टर आणि फायबर मॅट घेऊन येतो. बोट मुळात पॉलिस्टरची आहे हे खरं, पण जुन्या, पक्क्या झालेल्या पॉलिस्टरवर नवं पॉलिस्टर नीट धरत नाही, इपॉक्सी धरतं. शिवाय काही जुन्या लेझरमध्ये तरंगण्यासाठी थर्माकोलचे ठोकळे असतात आणि पॉलिस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. मॅट इपॉक्सीबरोबरही नको. तिच्यातला बांधणीचा पदार्थ स्टायरीनमध्ये विरघळेल असा केलेला असतो, इपॉक्सीत ती नीट भिजत नाही. विणलेलं कापड घ्या, २०० ते ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर.

आपल्याकडे सहज मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर, वजनाने १०० ला १०. चमच्याने अंदाज नको. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि तो परत स्वयंपाकघरात नेऊ नका. हार्डनर जास्त घातल्याने लवकर किंवा जास्त पक्कं होतं हा गैरसमज आहे. प्रमाण चुकलं की जोड कायमचा मऊ राहतो. दुसरं रेझिन घेतलंत तर त्याच्या डब्यावरचं प्रमाण पाळा. या कामाला एकूण ३०० ते ४०० ग्रॅम पुरतं, पण एका वेळी १०० ग्रॅमच कालवा. एप्रिलच्या उन्हाळ्यात मोठा घोट पेल्यात ठेवला तर तो तापतो, धुरावतो आणि हातातच दगड होतो. कालवल्यावर उथळ ताटलीत पसरा, जास्त वेळ मिळतो.

वेळ संध्याकाळची निवडा. हवा थंड होत असताना सांध्यातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. सकाळी केलंत तर बोट तापत जाते आणि त्याच सांध्यातून बुडबुडे वर येतात.

बोट डेकची बाजू वर करून सरळ ठेवा. आधी साधं इपॉक्सी ब्रशने सांध्यात मुरवा. मग उरलेल्यात सिलिका पावडर आणि कापडाचे कातरलेले धागे घालून ते श्रीखंडाइतकं घट्ट करा. चमचा उलटा धरला तरी पडता कामा नये. नळीच्या बुडाभोवती याची गोलसर कड भरा, त्रिज्या २० ते २५ मिलिमीटर, जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या गोल केलेल्या कोपऱ्याने घोटत. ही कड सुंदर दिसण्यासाठी नसते. कापड काटकोनात वळत नाही, मागे पोकळी राहते, आणि पुढच्या हंगामात तडा तिथूनच जातो.

कड ओली असतानाच कापड चढवा. ५, ७.५ आणि १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या आधीच कापून, एका काठाला दर २ सेंटिमीटरवर चीर देऊन तयार हव्यात. चिरा दिल्या की पट्टी गोल नळीभोवती सुरकुती न पडता बसते. टेबलावर प्लॅस्टिक पसरून त्यावर पट्टी भिजवा, गुंडाळी करून भोकातून आत न्या, जागेवर उलगडा. अरुंद पट्टी आधी, रुंद नंतर, जोड एकमेकांवर येणार नाहीत असे चार ते पाच थर. हे सगळं एका हाताने, बऱ्याचदा न बघता करायचं असतं. म्हणून रेझिन कालवायच्या आधी कोरड्या पट्ट्यांनी एकदा पूर्ण तालीम करा.

नळी जागेवरून हललेली असेल तर चिकटवण्यापूर्वी डोलकाठीचा खालचा तुकडा मेण लावून, पातळ प्लॅस्टिक गुंडाळून खोबणीत उभा करा. त्याच्या टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत फीत धरा. दोन्ही मापं सारखी हवीत. पुढे-मागे किती झुकतो याचं माप दुसऱ्या धडधाकट लेझरवरून घ्या. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत तो दोऱ्यांनी ताणून ठेवा. बूड वाळूने खरवडलं असेल तर आतून भरून मूळ पातळीवर आणा, त्याहून उंच नको. शर्यतीत उतरायचं असेल तर लेझर वर्गाचे, म्हणजे या प्रकारच्या बोटींचे, नियम आधी वाचा.

२४ तासांनी बोट उलटी करा आणि डेकखालचा वरचा सांधा तसाच भरा. उलटी अशासाठी, की रेझिन सांध्याकडे वाहिलं पाहिजे. सरळ बोटीत ते मनगटावरून कोपरापर्यंत येतं आणि सांधा कोरडाच राहतो. त्वचेवर लागलेलं इपॉक्सी थिनर किंवा ॲसिटोनने धुऊ नका, ते आत मुरतं. साबण आणि पाणी बस. काठी ताणाखाली घालण्याआधी सात दिवस थांबा, आणि त्यानंतर पाणी भरून, ओढून तीच तपासणी पुन्हा करा.

बाकीचं

पोचट डेक: आखलेल्या भागात फक्त वरच्या थरातून ३ मिलिमीटरची भोकं, ३ सेंटिमीटर अंतराने, सिरिंजने पातळ इपॉक्सी, शेजारच्या भोकातून वर येईपर्यंत. वर प्लॅस्टिक, फळी आणि वजन.

हल-डेकचा उघडलेला काठ: सिलिका घातलेलं इपॉक्सी पट्टीने आत सारून दर १० सेंटिमीटरवर क्लॅम्प.

सुकाणूच्या बिजागरीचे ढिले स्क्रू: मोठे स्क्रू ठोकू नका. भोक ८ मिलिमीटरचं करा, घट्ट इपॉक्सीने भरा, नवीन भोक पाडा.

डोलकाठीवरच्या स्टीलच्या फिटिंगखाली अॅल्युमिनियम पांढरं पडून फुगलं असेल तर रिव्हेट काढून साफ करा आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती घालून बसवा.

जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर): फिका पडला असेल तर ६००, १०००, १५०० चा पाण्याचा पेपर आणि कंपाउंड, एवढंच. इपॉक्सीच्या ठिगळांवर जेलकोटपेक्षा दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग बरा, कारण जेलकोट तिथे चिकट राहण्याचा धोका असतो. रंगाआधी इपॉक्सीवरचा मेणचट थर पाणी आणि स्कॉचब्राइटने धुवा, नंतर घासा. इतरत्र जेलकोट वापरणार असाल तर कोबाल्ट (वेग वाढवणारं रसायन) आणि एमईकेपी (घट्ट करणारं रसायन) कधीही एकमेकांत थेट ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी पूर्ण मिसळायचा, मग एमईकेपी. गाडीची पुट्टी पाण्याखालच्या भागात लावू नका, ती पाणी शोषते.

पहिल्या दिवशी हलक्या वाऱ्यात एक तास चालवा, किनाऱ्यावर बूच काढून निघालेलं पाणी पेल्यात मोजा. अर्धा पेला असेल तर झाकणाची रबर रिंग बघा. लिटरभर असेल तर साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा करा आणि डॅगरबोर्डच्या (बोटीच्या मधून पाण्यात खाली सरकवायच्या फळीच्या) खाचेचे कोपरे आधी तपासा.